मदत हवी आहे: डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, फार्मासिस्ट एकत्र शिकतील असं सेशन कसं चालवावं?

नमस्कार मंडळी. नागपुरात धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आपल्या विदर्भात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट कायमचेच. अंग दुखून कळवळत आलेल्याला डॉक्टर सलाईन आणि पेनकिलर लिहितात, फिजिओ नेमके डोसच्या आधी चालवायला येतात, आणि हायड्रॉक्सीयुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं रोजचं औषध) घरी केव्हाच बंद झालंय हे फक्त फार्मसीच्या खिडकीवर कळलेलं असतं. ज्याचं त्याचं काम चोख, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही.

म्हणून आठवड्याला एक केस घेऊन सगळ्यांनी बसायचं ठरवलं. होतं काय, मोठे सर बोलतात नि बाकीचे माना डोलावतात. एसबारचा (परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस या क्रमाने पेशंटची माहिती सांगायची पद्धत) तक्ता लावला, त्याने हँडओव्हर सुधारला, चर्चा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच जास्त. कृपया लेक्चर सुचवू नका. वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांनी एकत्र शिकण्याबद्दलचा डब्ल्यूएचओचा २०१० चा आराखडा, एकमेकांबद्दल, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिकणं वगैरे, ऐकून झालंय.

दुपारच्या शिफ्टबदलाच्या वेळी वीसेक मिनिटं मिळतात. बजेट शून्य, आरएमओ (निवासी डॉक्टर) सारखे बदलतात, आणि मॅनेजमेंटला फरक आकड्यांत हवाय.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा: चर्चा सिस्टर किंवा फिजिओने चालवली तर सीनियर डॉक्टर शेवटपर्यंत बसतात का? आणि मोजायला काय धरलंत, पहिलं पेनकिलर मिळेपर्यंतचा वेळ की पेशंट पुन्हा भरती होणं?