प्रायमरी ऑइल : चुंबकावरचा करडा लेप
हार्लेच्या प्रायमरीचं, म्हणजे इंजिनची ताकद क्लचकडे नेणारी चेन आणि क्लच असतो त्या कप्प्याचं, तेल काढताना ड्रेन प्लगच्या (तेल सोडायच्या बोल्टच्या) चुंबकावर करडा लेप दिसला म्हणून लगेच क्लच उघडायला निघालात, जरा थांबा. आधी तो बोटांत चोळून बघा. ग्रीससारखा मऊ लागला तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा चकचकीत कपच्या असतील तर मात्र कव्हर काढावंच लागेल. प्लास्टिकचे तुकडे निघाले तर माझा पहिला संशय चेन टेन्शनरच्या शूवर, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर. तेल दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय. जळका वास म्हणजे बहुधा क्लच प्लेट्स.

आणि हो, तुमच्या हार्लेचा क्लच याच तेलात बुडालेला असतो, तेव्हा कारचं तेल ओतू नका, क्लच घसरू शकतो. पातळी गाडी सरळ उभी करूनच बघा. साइड स्टँडवर बघून मी एकदा फसलोय!