मदत हवी आहे: पुढचा अ‍ॅक्सल जोडला जात नाही

नमस्कार. मी कोलोरॅडोमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९९६ सालचा फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल पिकअप ट्रक आहे. त्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा उजवा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून, व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, फोर्क (काट्यासारखा भाग) सरकवतो आणि त्याने सरकणारी कॉलर (कडे) ते दोन्ही तुकडे जोडते. ट्रान्स्फर केसचा (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर नीट पडतो, तो जोर पुढे नेणारा प्रॉपेलर शाफ्टही फिरतो, परंतु कॉलर सरकत नसल्याने सगळा जोर त्या सुट्या तुकड्याकडे जातो आणि पुढची चाके ओढत नाहीत. घराकडचा चढ बर्फाने झाकला की मुलांना घेऊन निघताना मला खरोखर भीती वाटते.

तडकलेल्या रबरी नळ्या मी बदलल्या आहेत. हातपंपाने तपासले असता डायफ्राम व्हॅक्यूम धरून ठेवत नाही, म्हणजे दोष तिथेच असावा. आता नवा डायफ्राम बसवावा, केबलने हाताने ओढायची यंत्रणा लावावी, की अखंड शाफ्टच घालावा? अखंड शाफ्टमुळे पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअरसंच) आणि प्रॉपेलर शाफ्ट कायम फिरत राहतील, त्यामुळे झीज वाढेल, म्हणून माझा कल केबलकडे आहे. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कडाक्याच्या थंडीत केबल गोठते का आणि फोर्कची झीज कशी ओळखावी, हे कृपया सविस्तर सांगावे.