मराठी चॅटबॉट एकाच कंपनीच्या एपीआयवर: नेमकं कुठे अडकतं?

द्राक्षमळा:
खतं-औषधांच्या दुकानासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी चॅटबॉट करायचाय. रोज साधारण ८०० मेसेज, ऑक्टोबर छाटणीनंतर तिप्पट. व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लाउड एपीआयवरून (एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची सोय) मेसेज आमच्या पायथन सर्व्हरवर येणार, तिथून ओपनएआयकडे जाणार. औषधांच्या माहितीपत्रकांचे २,००० तुकडे आहेत, त्यांचं एम्बेडिंगही (अर्थानुसार शोधता यावं म्हणून मजकुराची आकड्यांची यादी करणं) तिथूनच. संभाषणाचा इतिहास ओपनएआयच्या असिस्टंट्स एपीआयच्या थ्रेडमध्येच (म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवर) ठेवावा म्हणतोय, म्हणजे डेटाबेस सांभाळायला नको. सेवा बंद पडली किंवा मॉडेलच काढून टाकलं तर दुसऱ्या कंपनीचा एपीआय जोडून भागेल का?

खटपट्या:
असिस्टंट्स एपीआय आधी डोक्यातून काढा. २६ ऑगस्ट २०२६ ही त्याच्या बंदची तारीख ओपनएआयने वर्षभर आधीच जाहीर केली. तेवढी मुदत दर वेळी मिळेल असं समजू नका. मार्च २०२३ मध्ये कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या मॉडेलांचा एपीआय बंद करताना जेमतेम तीन दिवसांची सूचना होती.

इतिहास स्वतःच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवा. ग्राहकाचा अंतर्गत क्रमांक, मेसेज कुणाचा, मजकूर, वेळ आणि कुठल्या मॉडेलने उत्तर दिलं, एवढे रकाने पुरे. प्रत्येक विनंतीसोबत शेवटचे १०-१२ मेसेज पाठवायचे. ग्राहकाचा मोबाइल नंबर मॉडेलकडे जायचं काहीच कारण नाही. मॉडेलचं तारखेसहित पूर्ण नाव लिहा आणि ते कोडमध्ये न ठेवता सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा. नुसतं मोघम नाव दिलं तर मागे आवृत्ती बदलते आणि काल नीट चाललेला प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेली सूचना) आज भलतंच बोलतो.

रांगवाला:
सेवा पूर्ण बंद पडली तर ते लगेच कळतं. खरा त्रास ती रेंगाळते तेव्हा होतो. ओपनएआयच्या पायथन लायब्ररीचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) मुळात १० मिनिटांचा आहे आणि ती आपणहून आणखी २ वेळा प्रयत्न करते. म्हणजे एक विनंती अर्धा तास लटकू शकते. टाइमआउट २० सेकंद आणि रीट्राय १ असं स्वतः लिहा.

दुसरं, वेबहुकमध्ये (तुमच्या सर्व्हरवर आलेला मेसेज घेणाऱ्या कोडमध्ये) मॉडेलच्या उत्तराची वाट बघत बसू नका. वेळेत २०० (‘मिळालं’ असा संकेत) गेला नाही की व्हॉट्सअ‍ॅपची मालक मेटा तोच मेसेज पुन्हा पाठवते. ग्राहकाला दोन उत्तरं, तुम्हाला दोन बिलं. मेसेज आला की त्याचा आयडी युनिक रकान्यात नोंदवा, लगेच २०० द्या, मेसेज रांगेत टाका, पुढचं काम वर्कर (मागे चालणारा वेगळा प्रोग्राम) करेल. आयडी आधीच नोंदलेला असेल तर सोडून द्या.

४२९ (मर्यादा ओलांडली) या एररचे दोन प्रकार असतात. विनंत्या फार झाल्या असतील तर थांबून पुन्हा प्रयत्न करा, प्रत्येक वेळी थांबायचा वेळ दुप्पट. कोटा किंवा शिल्लक संपली असेल तर शंभरदा प्रयत्न करूनही उपयोग नाही, तिथे थेट पर्यायी सेवेकडे वळा आणि स्वतःला अलर्ट पाठवा. एररचा कोड वाचल्याशिवाय हा फरक कळत नाही.

रांग रात्रभर तुंबली तर आणखी एक अडचण: ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की मोकळं उत्तर जात नाही, मंजूर टेम्प्लेटच लागतो. ‘तुमच्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, हवं असल्यास हो लिहा’ असा एक आधीच मंजूर करून ठेवा.

सदिश:
तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही भागत. चॅटसाठी दुसरी कंपनी जोडाल, पण ग्राहकाच्या प्रश्नाचं एम्बेडिंग पहिल्याच कंपनीकडून येतंय. ती पडली की शोधच पडला, मग पर्यायी मॉडेलपुढे माहितीपत्रक ठेवणार कोण? एम्बेडिंग स्वतःच्या सर्व्हरवर करा. बहुभाषिक ई५ किंवा बीजीई-एम३ ही एम्बेडिंगची मॉडेलं अशा कामाला सीपीयूवर (साध्या प्रोसेसरवर) चालतात. ई५ घेतलं तर प्रश्नाआधी ‘क्वेरी’ आणि तुकड्याआधी ‘पॅसेज’ हा उपसर्ग इंग्रजीत लावावा लागतो. तो विसरला तर शोध ढिला पडतो आणि कारण सापडत नाही.

एम्बेडिंगचं मॉडेल बदललं की सगळे तुकडे नव्याने करायचे. ओपनएआयचं जुनं एडा-००२ आणि नंतरचं ३-स्मॉल, दोन्हींची लांबी १,५३६. डेटाबेस तक्रार करत नाही, एरर येत नाही, फक्त भलतेच तुकडे सापडतात. म्हणून प्रत्येक ओळीत मॉडेलचं नाव साठवा.

द्राक्षमळा:
हे लक्षात आलं नव्हतं. मग चॅटचं मॉडेलही स्वतःच्याच जीपीयूवर का नको? आणि दोन कंपन्यांच्या दरांची तुलना कशी करायची?

खटपट्या:
८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये म्हटलं तर नुसत्या वजनांनाच (म्हणजे या पॅरामीटरनाच) १६ जीबी जीपीयू मेमरी लागते, संभाषणाची वेगळी. रोजच्या २,४०० मेसेजला ते यंत्र बहुतेक वेळ रिकामं बसेल आणि भाडं चालू राहील. मी तरी नाही करणार.

दर प्रति टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) बघून फसू नका. जीपीटी-४ओ आणताना ओपनएआयनेच मराठी नमुना दिला होता: जुन्या टोकनायझरने (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या प्रोग्रामने) ९६ टोकन, नव्याने ३३. तोच मजकूर, तीच भाषा. तुमचे शंभर खरे मेसेज दोन्हीकडे पाठवा आणि बिलातले आकडे बघा.

सदिश:
तेच शंभर मेसेज चाचणीसाठीही वापरा. ‘भुरी आलीय, काय मारू?’ हा त्यात हवाच (भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग). हिंदीकडे झुकलेलं मॉडेल भुरीचा अर्थ तपकिरी रंग असा लावू शकतं. रोमन लिपीतलं मराठीही घ्या. औषधाचं प्रमाण मात्र कुठल्याच मॉडेलला ठरवू देऊ नका, ते तुमच्या टेबलातून जसंच्या तसं यायला हवं. मिली प्रति लिटर आणि मिली प्रति एकर यांत गल्लत झाली तर बाग जाईल.

पर्यायी सेवेसाठी अ‍ॅडॉप्टर (दोन्ही सेवांशी एकाच पद्धतीने बोलणारा कोड) लिहाल तेव्हा: अँथ्रॉपिककडे (क्लॉड मॉडेलची कंपनी) सिस्टम प्रॉम्प्ट (मॉडेलसाठीच्या कायमच्या सूचना) वेगळ्या फील्डमध्ये जातो आणि उत्तराची कमाल टोकनसंख्या द्यावीच लागते. टूलचे आर्ग्युमेंट (मॉडेल तुमचं फंक्शन चालवायला सांगतं तेव्हा त्यासाठी देतं ती माहिती) ओपनएआयकडून स्ट्रिंग म्हणून येतात, तिकडून ऑब्जेक्ट म्हणून. बहुतेक अ‍ॅडॉप्टर इथेच फुटतात.

रांगवाला:
आणि पर्यायी सेवा चालते का हे बघायला एपीआय की चुकीची टाकू नका. त्याने ४०१ (की चुकीची) हा एरर लगेच येतो, सगळं छान वळल्यासारखं दिसतं. फायरवॉलवर त्या डोमेनकडे जाणारे पॅकेट उत्तर न देता गिळून टाका. विनंती लटकली पाहिजे. मग घड्याळ लावून बघा, ग्राहकाला उत्तर किती सेकंदांनी गेलं.