डॉकिंगच्या आधी फाईलमधलं सगळं पाणी उडवायचं का?

रेणूवेध (धागाकर्ता)

डॉकिंग (औषधाचा रेणू प्रथिनात कुठे आणि कसा बसेल हे संगणकावर आजमावणं) शिकवणाऱ्या बऱ्याच पाठांत सुरुवातीलाच सांगतात की पीडीबी फाईलमधल्या (प्रथिनाच्या अणूंच्या जागा नोंदवणारी फाईल) 'एचओएच'च्या, म्हणजे पाण्याच्या, सगळ्या ओळी काढून टाका. ही सवय मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. एचआयव्ही प्रोटिएज हे त्या विषाणूचं प्रथिनं कापणारं विकर घ्या. त्याच्या दोन झडपा आणि आत बसलेलं औषध यांच्या मधोमध पाण्याचा एक रेणू असतो. दोन्ही झडपांवरच्या आयसोल्युसिन ५० या अमिनो आम्लाच्या एनएच गटाकडून तो दोन हायड्रोजन बंध घेतो आणि औषधाच्या दोन ऑक्सिजनना दोन देतो. सॅक्विनाविर, इंडिनाविर, दारुनाविर या तिन्ही औषधांच्या रचनेत तो आहे. तो काढून इंडिनाविर डॉक केलं, की झडपेखाली पोकळी उरते आणि ती भरण्यासाठी लिगँड (प्रथिनात बसणारा रेणू, इथे औषध) वर सरकू शकतो. मग खाली अ‍ॅस्पार्टेट २५ च्या जोडीशी असलेली औषधाच्या हायड्रॉक्सिलची पकड बिघडते.

घनतानकाशा

असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. १९९४ मध्ये ड्युपाँट मर्कच्या गटाने चक्रीय युरिया हे याच विकराला रोखणारे रेणू मांडले, ते याच पाण्याला हुसकावून त्याच्या जागी स्वतःचा ऑक्सिजन बसवणारे. २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टिप्रानाविर हे औषधही त्या पाण्याशिवाय थेट झडपांना धरतं. पाणी खिळवून ठेवलं असतं तर प्रोग्रॅमने असे रेणू पहिल्याच फेरीत बाद केले असते.

दुसरं म्हणजे, फाईलमधलं पाणी हे द्रावणातलं पाणी नव्हे. फाईलमधली रचना बहुधा स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळते, आणि बहुतेक स्फटिकांची मोजणी १०० केल्विनच्या आसपास, म्हणजे गोठलेल्या अवस्थेत होते. द्रावणात प्रथिनाच्या पृष्ठभागावरचं पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा सरासरी दोन ते पाच पट हळू फिरतं, एवढंच. बर्फाचं कवच वगैरे काही नसतं. शिवाय २.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश) रिझोल्यूशनच्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशातला गोळा पाण्याचाच कशावरून? पाणी, सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन, तिघांकडेही दहाच इलेक्ट्रॉन. अंतर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये: मॅग्नेशियमपासून ऑक्सिजन साधारण २.१ अँगस्ट्रॉमवर आणि भोवती सहा शेजारी, सोडियमला २.४, पाण्याला २.७ ते ३.०.

रेणूवेध

पृष्ठभागावरच्या पाण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य, ते खुशाल काढा. पण पुरलेल्या पाण्याचं काय? बीपीटीआय या छोट्या प्रथिनाच्या आत पाण्याचे चार रेणू अडकलेले असतात. त्यातला एक बाहेरच्या पाण्याशी अदलाबदल करायला खोलीच्या तापमानाला शंभराहून अधिक मायक्रोसेकंद घेतो. अणूंच्या हालचालींचं तुमचं सिम्युलेशन १०० नॅनोसेकंदांचं असेल तर ते त्याच्या हजारपट तोकडं पडतं. एकदा तो रेणू काढलात की सिम्युलेशनची पेटी पाण्याने भरणारा प्रोग्रॅम सहसा तिथे नवा ठेवत नाही, कारण अणूंना खेटणारे रेणू तो गाळतो. पोकळी रिकामीच राहते आणि आजूबाजूच्या साखळ्या आत कलंडतात. चूक दिसते ती पार शेवटी, आणि लोक दोष देतात फोर्स फील्डला (अणूंमधल्या बलांच्या सूत्रांना).

निवड करणं अवघड नाही. त्याच प्रथिनाच्या चार-पाच रचना एकमेकींवर बसवा. सगळ्यांत १ अँगस्ट्रॉमच्या आत येणारं, प्रथिनाशी किमान तीन हायड्रोजन बंध असणारं आणि शेजारच्या अणूंइतकाच बी-फॅक्टर (अणू जागच्या जागी किती हलतो याचं माप) असणारं पाणी ठेवा.

जलबंध

दोघांनीही ऊर्जेचा हिशोब मांडलेला नाही. अडकलेला रेणू मोकळा झाला की एन्ट्रॉपीचा (हालचालीच्या मोकळेपणाचा) फायदा होतो, पण रसायनशास्त्रज्ञ ड्युनित्झ यांच्या १९९४ च्या अंदाजानुसार तो ३०० केल्विनला जास्तीत जास्त २ किलोकॅलरी प्रति मोल. पकड तीसेक पट वाढायला इतकं पुरतं, मात्र तुटलेले बंध लिगँडने तितक्याच ताकदीने परत जोडले तरच. चक्रीय युरियाचा ऑक्सिजन दोन्ही एनएचच्या बरोबर समोर येतो, म्हणून तिथे जमलं. त्या जागी नुसता मिथाइल गट घातलात तर पाणी जाईल आणि पकडही जाईल.

आणि पाणी ठेवणार असाल तर त्याचे हायड्रोजन कुठे तोंड करून आहेत ते तपासा. क्ष-किरणांना ते बहुधा दिसत नाहीत, प्रोग्रॅम अंदाजाने बसवतो. दिशा उलटी झाली तर जिथे लिगँडने बंध घ्यायचा तिथे द्यायची जागा दिसते. टीआयपी३पी हे पाण्याचं संगणकी प्रतिमान वापरून 'हा रेणू इतके पिकोसेकंद थांबला' असंही लिहू नका. त्या प्रतिमानातलं पाणी खऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने पसरतं.

घनतानकाशा

हायड्रोजनचा मुद्दा शंभर टक्के पटला. पाणी सरसकट ठेवण्याला माझा विरोध मात्र कायम आहे. रेणूवेध, तुमच्या कसोटीत एक भोक आहे: त्या चार-पाच रचनांत एकाच कुळातले लिगँड असतील तर पाणी सगळीकडे सारखंच दिसणार. लिगँड नसलेली एक आणि अगदी वेगळ्या सांगाड्याच्या लिगँडची एक रचना त्यात हवीच. आणि पाणी ठेवून आरएमएसडी (लिगँडच्या खऱ्या जागेपासूनचं सरासरी अंतर) सुधारला हा पुरावा री-डॉकिंगमधून, म्हणजे लिगँड त्याच्याच रचनेत पुन्हा डॉक करून, देऊ नका. लिगँडच्याच रचनेतलं पाणी म्हणजे त्याच्या आकाराचा साचा, उत्तर आधीच हातात दिल्यासारखं. एका रचनेतलं पाणी घेऊन दुसऱ्या रचनेतला लिगँड डॉक करा, पाण्यासह आणि पाण्याविना अशा दोन्ही फेऱ्या चालवा, आणि दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी छापा.