शपथ नको, मुदत हवी

पक्ष बदलणाऱ्या आमदाराला मतदारांनी सह्या गोळा करून मुदतीआधीच घरी पाठवावं, असा 'आमदार परत बोलावण्याचा अधिकार' काही जण सुचवतात. ऐकायला झकास, पण लाखो मतदारांच्या मतदारसंघात सह्या गोळा करण्याइतका पैसा असतो कोणाकडे? पडलेल्या उमेदवाराकडे! त्यापेक्षा पक्ष बदलणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवणाऱ्या पक्षांतरबंदी कायद्याची भोकं बुजवा.

पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही मुभा २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली; दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात 'विलीन' होण्याची राहिली. म्हणजे किरकोळ बंद, घाऊक चालू. गोव्यात काँग्रेसच्या उमेदवारांनी २०२२ च्या निवडणुकीआधी देऊळ, चर्च, दर्गा सगळीकडे जाऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या. त्याच सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये! देवालाही सोडलं नाही, मतदार कोण लागून गेला?

आणि अपात्रतेचा निवाडा करणार कोण, तर विधानसभा अध्यक्ष, जे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये आला. अपात्र कोणीच नाही, ना या गटाचा ना त्या. मणिपूरच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करायला संसदेला सुचवलं होतं. तेवढं केलं, निकालासाठी तीन महिन्यांची मुदत कायद्यातच घातली आणि पक्ष सोडणाऱ्याला राजीनामा देऊन पुन्हा मतं मागायला लावली, तरी बरंच साधेल. अर्थात हे मंजूर करणार तीच मंडळी.