ऑफर मिळाली, पण पडताळणीचा फॉर्म भरताना हात थरथरतोय

पाचोरेकर:
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कंपनीची ऑफर आलीय, क्वालिटी विभागात. पण आधीची नोकरी, शिक्षण, पत्ता तपासायचा पडताळणीचा फॉर्म आल्यापासून दोन रात्री झोप नाही. जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कारखान्यात सव्वादोन वर्षं होतो. वडिलांना लकवा मारला म्हणून राजीनामा देऊन गावी आलो. सात महिने त्यांचा दवाखाना आणि चार एकर कपाशी, दोन्ही मीच पाहिलं. कारखान्याने रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अजून दिलं नाही. मित्र म्हणतो, ते सात महिने तिथेच होतो असं लिही, कोण बघतंय? शिवाय माझ्या २०१७ च्या मार्कशीटवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे, फॉर्मच्या यादीत ते नावच नाही.

अमळनेरची ताई:
भाऊ, मित्राचं ऐकू नको, हात जोडून सांगते. मी पुण्यात सहा वर्षं हेच काम करते. आम्ही आधी पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागतो. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सगळं तिथे असतं, आणि पासबुकात हप्ता महिन्यागणिक दिसतो. मागच्या वर्षी आपल्याच भागातल्या एका पोराने फक्त दोन महिने वाढवून लिहिले होते. ऑफर रद्द झाली. फोनवर म्हणाला, ‘ताई, खरं लिहिलं असतं तर?’ घेतलं असतं रे. नोकरीतल्या खंडाचं कारण लिही, वडिलांचं डिस्चार्ज कार्ड जोड.

आता पीएफचं. पोर्टलवर सोडल्याची तारीख कोरी असेल तर कारखान्याची वाट बघू नको. शेवटच्या हप्त्याला दोन महिने उलटले की ‘मार्क एक्झिट’मधून आपली आपल्याला टाकता येते, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. राजीनाम्यातली तारीख समोर ठेवूनच टाक, नंतर बदलायला फार त्रास होतो.

रिलीव्हिंगसाठी कारखान्याला पुन्हा मेल कर, फोन नको, लेखी राहू दे. तोवर राजीनाम्याचा मेल, शेवटच्या तीन पगारस्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट दे, आणि लेटर मागितलंय पण मिळालं नाही हे एचआरला आधीच कळव.

विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदललं. यादीत कवयित्री बहिणाबाई चौधरी निवड, शेऱ्यात जुनं नाव लिही.

रावेरचा केळीवाला:
भो, पत्त्याकडेही लक्ष दे. आमच्या घराला नंबर नाही, पत्ता म्हणजे ‘मारुती मंदिराजवळ’. पडताळणीचा माणूस आला तेव्हा सगळे बागेत, घराला कुलूप. रिपोर्टमध्ये ‘पत्ता सापडला नाही’! पुन्हा करून घ्यायला बारा दिवस गेले. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव, अनोळखी नंबर उचल. काही जण मोबाईलवर लिंक पाठवतात, लोकेशन चालू ठेवून दाराचा फोटो काढावा लागतो. मला रेंजसाठी गच्चीवर जावं लागलं आणि फोटोत पत्रेच आले, दार नाही!

पाचोरेकर:
ताई, भाऊ, मनापासून आभार. आताच पोर्टल उघडलं, सोडल्याची तारीख कोरीच आहे. ओटीपी मात्र जुन्या सिमवर जातोय, ते केव्हाच बंद झालं. उद्या सकाळी पहिल्यांदा आधार केंद्रात नंबर बदलायला जातो. डिस्चार्ज कार्ड आईने कपाशीच्या पावत्यांबरोबर पेटीत जपून ठेवलं होतं, सापडलं. खंडाच्या रकान्यात लिहिलं, ‘वडिलांचे आजारपण व घरची शेती.’