लॉड्झ रिकामं आहे

आमच्या घरच्या ग्रुपवर शनिवारी सकाळी जे रामायण घडलं ते खाली जवळजवळ जसंच्या तसं आहे. अंगठे, हसरे चेहरे आणि आईचे चुकून गेलेले तीन व्हॉइस मेसेज तेवढे गाळलेत. नानाकाका हे बाबांचे धाकटे भाऊ, मामा आईचा भाऊ. पण हे दोघं आधी एका बाकावरचे मित्र आणि मग नातेवाईक, हे लक्षात ठेवून वाचा.

नानाकाका (६:०४): लॉड्झ रिकामं राहिलंय. काल रात्री कार्ड टाकलं आणि मग दिसलं. नववी आणि अकरावी, दोन्ही वॉर्सात पुढे, मागे चिटपाखरू नाही. त्याच्या लक्षात आलं नाही तर पुढच्या टर्नला बुजवतो. कुणाला बोलू नकोस.

आई (६:१९): भावजी, काय रिकामं राहिलंय? नववी-अकरावीतलं कोण वॉर्सात आहे??

आत्या (६:२२): नाना, बरा आहेस ना? फोन का उचलत नाहीस?

दादा (६:३०): घाबरू नका सगळे. तो मेसेज मला होता. खेळातला आहे. नववी आणि अकरावी म्हणजे जर्मन सैन्याच्या आर्मी. लॉड्झ आणि वॉर्सा ही पोलंडमधली शहरं.

दादा: काका, हा घरचा ग्रुप आहे. मामा आहे इथे.

नानाकाका (६:३३): अरेरे

नानाकाका: हा मेसेज डिलीट केला आहे

ताई: काका, तुम्ही 'अरेरे' डिलीट केलंत. वरचा मेसेज तसाच आहे.

मामा (६:४१): सुप्रभात.

चिंगी: कुठला गेम? मला का नाही सांगितलं?

दादा: 'पाथ्स ऑफ ग्लोरी'. पहिल्या महायुद्धाचा बोर्ड गेम, १९९९ मध्ये आला. नकाशावर युरोप आणि शेजारचा तुर्की मुलूख, रेघांनी जोडलेल्या जागा, त्यांवर सैन्याचे काउंटर. काका जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बाजूने, मामा दोस्तांच्या. दोघांकडे ५५-५५ कार्डं. ऑगस्ट १९१४ पासून २० टर्न. गुण १० वर सुरू होतात, २० झाले की काका जिंकले, शून्यावर आले की मामा.

चिंगी: मग शनिवारी बसून संपवून टाका ना

मामा: एका बैठकीत आठ-दहा तास लागतात. तेवढा वेळ आणि तेवढं टेबल दोघांकडे एकदम कधी असतं? म्हणून मेलने. नकाशा स्क्रीनवर, व्हॅसल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मी माझे काउंटर हलवतो, फाइल सेव्ह करून पाठवतो, तो उघडून आपले हलवतो. आठ महिने झाले. आत्ता सहाव्या टर्नला आहोत, म्हणजे उन्हाळा १९१५.

ताई: आठ महिन्यांत युद्धाचं एकच वर्ष? खरं युद्ध याहून फार हळू चाललं नव्हतं मग.

दादा: एका टर्नला दोघांच्या सहा-सहा खेळी. शिवाय लढाई आली की मेल वाढतात. हल्ला करणारा सांगतो कुठून कुठे. तो आपलं लढाईचं कार्ड टाकायचं की नाही ते ठरवतो, मग समोरचा. मग फासे. मग नुकसान कुठल्या काउंटरवर घ्यायचं, मग मागे हटायचं की नाही. एका हल्ल्याला चार मेल सहज.

मामा: म्हणून मी आधीच लिहून ठेवतो. "ट्रेंच असेल तर एक स्टेप (म्हणजे एक पायरी नुकसान) जास्तीची घेईन, हटणार नाही. कार्ड टाकणार नाही, पॅरिसजवळ आलास तर विचार." त्याने रात्री बाराला हल्ला केला तरी माझी झोप मोडत नाही.

आत्या: आणि फासे कोण टाकतं? नाना लहानपणी सापशिडीत सहा पडले म्हणून सांगायचा. मी पाहिलंय.

नानाकाका: अक्का, ते एकदाच.

मामा: त्याची काळजी नको. ॲक्ट्स नावाची साइट आहे. कार्डं पिसते, वाटते, हातातली लपवून ठेवते, आणि फासेही तीच टाकते. निकालाचा मेल दोघांना एकदम. नानाने फासा टाकायचा फक्त हुकूम द्यायचा.

मामा: आधीची मंडळी काय करत ते जास्त गमतीचं आहे. १९६४ मध्ये ॲव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने 'द जनरल' मासिक काढलं, त्यात लोक पोस्टाने खेळायला जोडीदार शोधायचे. पण पाकिटातून फासा कसा टाकणार? तर शेअर बाजार! आधी ठरवायचं की अमुक कंपनी, अमुक तारीख. त्या दिवसाच्या उलाढालीचा जो आकडा पेपरात छापून येईल त्याचा शेवटचा अंक हा तुमचा फासा. लबाडी करायची तर अख्खा बाजार हलवायला हवा.

ताई: हे भारी आहे.

मामा: आणि 'डिप्लोमसी' १९५९ चा, त्यात फासाच नाही. सगळ्यांनी हुकूम लिहून द्यायचे आणि एकदम उघडायचे. तो १९६३ पासून पोस्टाने सुरू झाला. पत्रासाठीच जन्माला आल्यासारखा. मुख्य खेळ म्हणजे एकमेकांना गोड पत्रं लिहून फसवणं.

आई: आमच्याकडे त्यासाठी गेम लागत नाही.

ताई: मूळ मुद्द्यावर या. काकांनी स्वतःच्या हाताने सांगितलं की लॉड्झ रिकामं आहे. त्याने काय होतं?

दादा: सगळंच होतं. या खेळात आर्मीला रसद लागते. जर्मनांची रसद एसेन नाहीतर ब्रेस्लाउपासून, आपल्या ताब्यातल्या जागांमधून अखंड यायला हवी. काकांच्या दोन आर्मी वॉर्सात आहेत आणि वॉर्साच्या आजूबाजूला सगळं रशियन, फक्त लॉड्झची वाट यांची. तिथे मामाने एक टिचभर कोअर, म्हणजे आर्मीहून लहान तुकडी, आणून ठेवली की रसद तुटली. टर्नच्या शेवटी रसद नसलेली आर्मी मेली.

चिंगी: मग नवीन आणायची

दादा: तेच तर. लढाईत मेलेली आर्मी बदली गुण खर्चून परत उभी करता येते. रसद तुटून मेलेली नाही. ती डब्यात परत, कायमची. आणि वॉर्सा आपोआप रशियाचं.

आत्या: मग नानाने आता लॉड्झमध्ये कुणीतरी ठेवावं.

दादा: काकांच्या सहाही खेळी झाल्या. प्रत्येक फेरीत जर्मनी आधी खेळते, दोस्त नंतर. म्हणजे टर्नमधली अगदी शेवटची खेळी कायम मामाची. तिला उत्तर नसतं. जर्मनीकडून खेळणाऱ्याने सहाव्या फेरीत पाठ उघडी ठेवायची नाही, हे पहिल्या डावातच शिकतात.

नानाकाका: शिकलो होतो.

ताई: मला टॅनेनबर्ग आठवतंय. ऑगस्ट १९१४, पूर्व प्रशिया. रशियनांच्या दोन आर्मी पुढे सरकत होत्या आणि वायरलेसवरचे हुकूम सांकेतिक न करता, उघड्या भाषेत पाठवत होत्या. जर्मनांनी ते ऐकले. सॅमसोनोव्हची दुसरी आर्मी वेढली गेली, ९० हजारांच्या आसपास कैदी. सॅमसोनोव्हने स्वतःला गोळी घातली.

ताई: काकांनी तेच केलं, फक्त बाजू उलटी.

नानाकाका: आभारी आहे.

आत्या: मामा, तू तो मेसेज वाचलाच नाहीस असं समज आणि दुसरी काहीतरी खेळी कर. घरातल्या घरात असं करू नये.

मामा: वाचलेलं न वाचलेलं कसं करू, आत्या? आता मी लॉड्झला गेलो तर चोर, आणि नाही गेलो तर मुद्दाम हरतोय असं हाच म्हणणार.

आई: तू जाऊ नकोस. भावजी रात्रभर जागे असतील.

ताई: का जाऊ नये? काउंटर दोघांना दिसतात. लपवलेलं काय होतं? हातातली कार्डं लपलेली असतात, लॉड्झ नाही. ते नकाशावर ढळढळीत रिकामं आहे.

दादा: पण लक्ष जाणं हाच खेळ आहे ना. दोनशेच्या वर जागा आहेत नकाशावर. काका म्हणतात तसं नजरेतून सुटलं असतं तर सुटलं असतं.

ताई: मग मतदान घ्या.

(खरोखर मतदान झालं. 'मामाने जाऊ नये' ४, 'जावं' ३. चिंगीने दोन्हीला दिलं. आईने कारण विचारल्यावर मत मागे घेतलं.)

मामा (७:५२): झालं सगळ्यांचं? नाना, मेल उघडलास का आज?

नानाकाका: नाही. उठल्या उठल्या दादाला लिहिलं ते इथे पडलं.

मामा: उघड.

नानाकाका (८:०१): काल रात्री ११:४८.

दादा: काय?

नानाकाका: त्याची सहावी खेळी. माझ्यानंतर अर्ध्या तासात आली आहे. रशियन कोअर, लॉड्झ.

आत्या: वेळ मागची टाकता येते का रे दादा?

मामा: आत्या!

दादा: कार्ड ॲक्ट्सवरून खेळलं जातं, तिथे वेळ नोंदली जाते. टाकता येत नाही.

ताई: म्हणजे मामा, आम्ही तासभर नीतिशास्त्र करत होतो आणि तू गप्प होतास?

मामा: फार छान चाललं होतं तुमचं.

(माझं मत विचाराल तर इथे मामाचं चुकलं. लॉड्झला गेला त्यात काही नाही, पण ६:४१ ला 'सुप्रभात' म्हणण्याऐवजी 'मेल बघ' म्हणायला हवं होतं. मतदानात मी 'जावं' म्हटलं होतं, तेव्हा मी काही काकांच्या बाजूचा नाही.)

नानाकाका: दोन्ही गेल्या मग.

मामा: ऐक. सहावी फेरी परत खेळ. माझी खेळी मी मागे घेतो, कार्ड हातात परत घेऊ म्हणून साइटवर तशी नोंद करतो. आठ महिने खेळतोय, असा एका डुलकीवर डाव जायला नको.

नानाकाका: नाही.

मामा: का?

नानाकाका: आपला नियम काय? फासा पडला, नवं कार्ड दिसलं किंवा समोरच्याचं उत्तर आलं की मागे फिरायचं नाही. त्याआधी कितीही वेळा फिरा. तुझं उत्तर आलं.

मामा: नियम आपणच केलाय. आपणच मोडू.

नानाकाका: मागच्या डावात गॅलिसियात तुझ्या ऑस्ट्रियन आर्मी अशाच अडकल्या होत्या. तू परत खेळू दे म्हणालास. मी काय म्हणालो?

मामा: नाही म्हणालास.

नानाकाका: हेच शब्द वापरून.

मामा: मी तीन आठवडे तुझ्याशी बोललो नव्हतो.

आई: थांबा. ते तीन आठवडे? तुम्ही दोघं एकमेकांचे फोन घेत नव्हता, आणि मी बिचारी मधल्या मध्ये निरोप देत होते, ते यासाठी??

मामा: अगं, ऑस्ट्रियाच्या तीन आर्मी होत्या.

आई: मला वाटलं घराच्या कागदपत्रांवरून काही झालं. मी ह्यांना रात्री उठवून विचारलं होतं.

आत्या: मलाही तू हेच सांगितलं होतंस. मी नानाला चांगलं झापलं होतं तेव्हा.

नानाकाका: हो. कशाबद्दल ते मला आज कळलं.

दादा: काका, तुम्ही घ्या ना परत खेळी. दोन आर्मी कायमच्या गेल्या तर पूर्व आघाडीवर तुमच्याकडे राहतं काय? नाहीतर मग डाव सोडा, नवीन लावा, बाजू बदलून. पत्राने खेळताना वेळेवर हार मानण्यात कमीपणा नाही. हरलेला डाव सहा महिने ओढणं हे समोरच्यालाही जड जातं.

नानाकाका: सोडत नाही. पूर्वेला मागे सरकेन. पोझनला एक कोअर आहे, ब्रेस्लाउ झाकतो. पश्चिमेला ट्रेंच खोदून बसलोय, तिथून हा इतक्यात हलवत नाही मला. इटली युद्धात उतरली आहे, पण ती डोंगरांपुढे थांबली आहे. अजून १४ टर्न आहेत.

मामा: तुला माहीत आहे ना मी रशियन आता मोकळे सोडणार.

नानाकाका: सोड. जितके पुढे येशील तितकी तुझी रसद लांबेल. तुझ्याही पाठी बघेन मी.

ताई: हा आवाज मला आवडला.

नानाकाका (८:४०): काउंटर काढले. नववी, अकरावी. वॉर्सा रशियन. फाइल पाठवली.

मामा: मिळाली. बदल्या दोघांच्या नोंदवल्या, कार्डं ओढली. टर्न ७. फासा टाक, या टर्नला हल्ला करणं कुणाला सक्तीचं आहे बघू.

चिंगी: म्हणजे??

दादा: दर टर्नच्या सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकायचा. ज्या देशाचं नाव येईल त्याने त्या टर्नमध्ये हल्ला करायचाच, मनात असो नसो. नाहीतर गुण जातो. राजधानीतले लोक सेनापतींच्या मागे लागायचे, ते यात असं घातलंय.

नानाकाका: जर्मनी. पश्चिमेला.

आई: अहो, आत्ताच दोन गेल्या ना?

नानाकाका: वहिनी, फाशाला कोण सांगणार.

नानाकाका (९:०५): पहिली फेरी. सेदानहून वेर्दाँवर. कार्ड टाकत नाही.

मामा: मीही नाही. वर लिहून ठेवलंय तसं, हटणार नाही. टाक.

नानाकाका: ६ आणि ६.

आत्या: सहा! चांगलं ना?

दादा: एक काकांचा, एक मामाचा. दोघंही एकदम मारतात.

आत्या: मग कोण जिंकलं?

मामा: रिट्रीट नाही. माझी एक आर्मी पालथी, म्हणजे काउंटर उलटून कमजोर बाजू वर, तुझी एक पालथी. माझी खेळी संध्याकाळी पाठवतो. नाना, मेलवर बघ. इथे नको.